मामाचे गार हात

४ जानेवारी

ती. मामास,

नमस्कार. नमस्कार झाला, आता कामाचं बोलते. कारण दुसऱ्या ओळीला पोचायच्या आत तू "हिला काय हवंय?" असं म्हणणार, हे मला ठाऊक आहे.

मला तुझे हात हवे आहेत. दोन्ही. एका सकाळपुरते.

प्रयोगशाळेत यंदा पहिल्यांदाच एक काम बाईंनी पूर्ण माझ्यावर सोपवलं आहे. बाई म्हणजे आमच्या प्रमुख. काम असं, की आपल्या अंगात मज्जातंतूंचं जाळं असतं. बोटाला चटका बसला ही बातमी वर मेंदूकडे न्यायची आणि 'हात मागे घे' हा हुकूम खाली आणायचा, ही त्यांची नोकरी. ही बातमी किती वेगाने धावते ते मोजता येतं. मनगटावर विजेची बारीकशी टिचकी द्यायची. बोटात तारेची दोन वळी अडकवलेली असतात. टिचकी तिथवर पोचली की पडद्यावर एक लाट उठते. निघाली कधी, पोचली कधी, मधलं अंतर किती, यावरून वेग निघतो. धडधाकट माणसाचा सेकंदाला पन्नास-पंचावन्न मीटर. वयाबरोबर तो किती उतरतो ते मला पाहायचं आहे, आणि त्यासाठी साठी ओलांडलेली पण हाताला काहीही न झालेली माणसं हवी आहेत. अशी माणसं शोधणं म्हणजे गवतात सुई शोधणं आहे. साठीनंतर प्रत्येकाचं काही ना काही दुखत असतं आणि ते त्याला सविस्तर सांगायचंही असतं. तुझं काही दुखल्याचं मी कधी ऐकलेलं नाही.

अजून एक सांगते, तुला आवडेल. या तंतूवर स्निग्ध पदार्थाचं वेष्टण असतं, पातळ थरावर थर गुंडाळलेलं. थर शाबूत असले की बातमी झरझर जाते. याचं सूक्ष्मदर्शकातलं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी भर वर्गात म्हणाले, "हा तर पफ आहे." सगळे हसले. मला तुझं बेकरीतलं संगमरवरी टेबल आठवलं, आणि त्याच्याखाली साखर खात बसलेली मी.

येशील ना? पंचविसाव्या तारखेला सकाळी. हातांना तेल किंवा मलम लावू नकोस, बाकी काही पथ्य नाही.

तुझी
मुंगी


११ जानेवारी

चि. मुंगीस आशीर्वाद.

कागद बघून नाक मुरडू नकोस. ट्रेमध्ये घालायचा बटर पेपर आहे. दुपारी भट्टी थंड झाली की मला लिहायला वेळ मिळतो आणि तेव्हा हाताशी हाच कागद असतो. फोन कर म्हणतेस, पण आमच्या त्या फोनवर माणसापेक्षा फ्रिजची घरघर जास्त ऐकू येते.

तुझं पत्र भट्टीमास्तरला वाचून दाखवलं. त्याचं म्हणणं, माणसाच्या अंगात वीज सोडायची आणि वर त्याला नमस्कार लिहायचा, हा शिकलेल्या लोकांचा शहाजोगपणा आहे. भागीदार म्हणून त्याला माझी काळजी वाटते म्हणे. खरी काळजी ही, की मला काही झालं तर टेबल कोण सांभाळणार. आमची वाटणी तुला माहीतच आहे. भट्टी त्याची, टेबल माझं. तो जन्माचा भाजलेला आणि मी जन्माचा गारठलेला.

मज्जातंतू म्हणजे पफ, हे वाचून बरं वाटलं. देवाला अक्कल आहे म्हणायची. पण त्याला एक विचार, की थरांमधलं बटर वितळू नये म्हणून तो काय करतो? आमचा सगळा धंदा तेवढ्यावर उभा आहे. हात जरा गरम झाला की बटर मैद्यात मुरतं, पापुद्रे सुटत नाहीत आणि भट्टीतून वीट बाहेर येते. म्हणून मी सकाळी आधी गार पाण्यात हात बुडवतो, मगच पिठाला शिवतो. तुझी मामी म्हणायची, तुम्ही लग्न बर्फाच्या लादीशीच करायचं होतं, जोडा शोभला असता. थंडीत माझा हात लागला की ओरडायची बिचारी.

येतो. भाचीची परीक्षा म्हणजे माझीच. चांगली तयारी करून येतो, काळजी नको.

तुझा मामा


२ फेब्रुवारी

ती. मामास,

नमस्कार. तू नीट पोचलास असं आईकडून कळलं. एवढ्या लांबून आलास आणि मी तुला कँटीनचा कोमट चहा पाजून परत पाठवलं, याची रुखरुख लागली आहे. बोटातली वळी काढल्यावर तू "एवढंच?" म्हणालास, ते आमच्याकडे आता सगळे म्हणतात.

वळी चढवताना तुझा हात हातात घेतला आणि खरं सांगू, क्षणभर काम विसरले. तसाच गार. लहानपणी मला ताप आला की आई कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवायची आणि मी त्या उडवून लावायची, मामाला बोलवा म्हणायची. तू दुकानातून तसाच यायचास, कानाला पीठ लागलेलं असायचं, आणि नुसता हात ठेवायचास. सगळं त्या तारांच्या गुंत्यात एकदम आठवलं. डोळे भरून आले. बाई पलीकडेच होत्या, म्हणून मी मान खाली घालून घाईघाईने पुढचं उरकलं.

निकालाचं म्हणशील तर आकडेमोड चालू आहे. सगळ्यांची एकत्र करायची असते, वेळ लागतो.

सहजच विचारते. सकाळी उठल्यावर बोटांना मुंग्या येतात का? हातातून वस्तू निसटतात का? शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात का? सगळ्यांनाच विचारतोय आम्ही.

तुझी
मुंगी


१० फेब्रुवारी

चि. मुंगीस आशीर्वाद.

प्रश्नांची उत्तरं क्रमाने. मुंगी एकच येते, तीही वर्षातून दोनदा, आणि येताना धुवायचे कपडे घेऊन येते. वस्तू निसटतात, मागच्या आठवड्यात अख्खा ट्रे निसटला, पण त्याचं श्रेय मास्तरने सांडलेल्या तेलाला. बटणं लावायचा मला पहिल्यापासूनच कंटाळा आहे.

आता माझा एक प्रश्न. माझ्यानंतर तुझ्याकडे एक निवृत्त पोस्टमन आले होते, आठवतात? बाकावर आमची दोस्ती झाली होती. सगळ्यांनाच विचारतोय म्हणालीस म्हणून मी त्यांना पत्र टाकलं, की तुम्ही काय उत्तरं दिलीत. त्यांना कुणी काहीच विचारलेलं नाही. उलट आपला निकाल उत्तम आहे, आभारी आहोत, असं छापील कार्ड आलंय त्यांना.

मुंगे, तुझ्या आजोबांच्या आजारात डॉक्टर असेच यायचे. सहजच नाडी बघायचे, सहजच विचारायचे की जेवण जातं का. तेव्हापासून हा शब्द ऐकला की मी कान टवकारतो. तू लहान असताना ताटाखाली नकोशी भाजी लपवायचीस. तेव्हाही तुझा चेहरा आधी बोलायचा, आता पत्र बोलतं.

माझ्या हातात काय सापडलं ते सरळ लिही. मी काही काचेचा नाही.

मामा


१७ फेब्रुवारी

ती. मामास,

पकडलंस.

तुझे तंतू हळू चालतात. दोन्ही हातांचे. वेग चाळिशीच्या आसपास आला. तुझ्या वयाला पन्नासच्या थोडा खाली आला असता तरी मी काही म्हटलं नसतं. यंत्र बिघडलं असेल म्हणून त्याच सकाळी स्वतःवर लावून पाहिलं, यंत्र ठीक होतं. इतका वेग उतरला याचा अर्थ वेष्टणाचे ते थर झिजत असावेत. त्याची कारणं पुष्कळ असतात. रक्तातली साखर असेल, एखादं जीवनसत्त्व कमी पडत असेल, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय असतो. पण मी डॉक्टर नाही, मी फक्त मोजते. तू मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखव, लवकर. सोबत चिठ्ठी जोडली आहे.

असं काही आढळलं तर त्या माणसाला लगेच सांगायचं, हा आमचा नियम आहे. परक्या माणसाला मी त्याच दिवशी सांगितलं असतं. तुला सांगायला जीभ रेटली नाही. तुझी दोन्ही पत्रं समोर ठेवून मी अक्षर बघत बसले. रेघ मध्येच तुटते, काही काने अर्धेच उमटलेत. आधी कधी मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं, आता दुसरं काही दिसत नाही.

काम बंद कर असं मी म्हणत नाहीये. फक्त दाखवून ये. मी रजा काढून तुझ्याबरोबर येते, कधी जायचं ते कळव.

रागावू नकोस.

मुंगी


३ मार्च

चि. मुंगीस आशीर्वाद.

रागावलेलो नाही. उत्तराला उशीर झाला कारण आधी दोन पत्रं लिहून फाडली.

डॉक्टरांची वेळ पुढच्या महिन्यातली मिळाली आहे. तोवर मास्तरने वैद्यकी हातात घेतली. त्याचं निदान असं, की इतकी वर्षं गार पाण्यात हात घातले त्याची ही फळं, आता नसांना ऊब द्यायची. मला ते पटलं. म्हणून गार पाणी बंद आहे, कोमट शेक चालू आहे आणि वर लोकरीचे हातमोजे. मामी असती तर तिने मास्तरला पेढे... जाऊ दे, थट्टा जमत नाहीये.

ऊब असलेल्या हाताने पफ होत नाही आणि गार पाण्याची आता भीती बसली आहे. मध्ये एकदा हिंमत करून टेबलाशी उभा राहिलो. पण सगळं लक्ष बोटांवर. हे बोट ऐकतं का, ते बोट ऐकतं का. लाटणं इतकं दाबून धरलं की थर चिकटले. आजवर हातांकडे कधी बघावं लागलं नव्हतं, ते आपले करत होते आणि मी मास्तरशी भांडत होतो. आता ते दोघे परक्या माणसांसारखे समोर असतात.

म्हणून ठरवलं. पलीकडच्या गल्लीत एक तरुण जोडपं बेकरी काढतंय. त्यांना टेबल देतोय. पुढल्या शनिवारी हातगाडी घेऊन येतील. मास्तर पाव आणि बिस्किटांवर दुकान चालवेल. मी गल्ल्यावर बसेन आणि गिऱ्हाइकांना उपदेश करेन. त्यालाही एक माणूस लागतोच.

एकाच गोष्टीचं हसू येतं आणि वाईटही वाटतं. त्या दिवशी तुझ्याकडे येताना मी बस स्टँडसमोर बर्फ विकत घेतला होता. रुमालात बांधून तुमच्या त्या बाकावर नंबर लागेपर्यंत दोन्ही तळव्यांत धरून बसलो. मोठं काम असलं की मी असंच करतो. म्हटलं, मुंगीच्या कामाला हात अगदी पहिल्या प्रतीचे न्यावेत. पोस्टमनला वाटलं मला मुका मार लागलाय. पाणी तुमच्या दारातल्या कुंडीत पिळलं आणि हात पुसून आत आलो. एवढी तयारी करून हात दिले आणि तेच नापास. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तू सांगितलं नसतंस तर दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असतं.

मामा


८ मार्च

मामा,

टेबल देऊ नकोस.

तुझं पत्र आज मिळालं. बर्फाच्या ओळीशी आले आणि पत्र घेऊन तशीच बाईंच्या खोलीत धावले. लगेच बेकरीत फोन केला. मास्तरांनी उचलला आणि तू दुकानात नाहीस म्हणाले. मागून तुझा खोकला ऐकू आला. बोलायचं नसेल तर नको बोलूस, पण हे वाच. बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवतेय म्हणजे आजच मिळेल.

गार तंतू हळू चालतो. प्रत्येकाचा. त्यात आजार काही नाही, हात गरम झाला की वेग परत येतो. हे आमच्यातल्या कालच्या पोरालाही माहीत असतं. म्हणूनच मोजण्याआधी कातडीचं तापमान घ्यायचं आणि हात गार असेल तर कोमट पाण्यात ठेवायचा, हा आमचा पहिला नियम. तुझ्या त्या पोस्टमनकाकांनाही मी तपेल्यात हात घालून बसवलं होतं.

बाईंनी तुझी लाट काढून पाहिली. म्हणाल्या, "वेग कमी आहे, पण लाट केवढी उंच आहे ते बघितलंस का? आजारी तंतूची लाट बसते. गार तंतूची उंचावते. तापमान किती होतं?" मी कागद बघितला. तापमानाचा रकाना रिकामा. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि मला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

बाकी सगळ्यांचं तापमान घेतलंय, मामा. फक्त तुझंच घेतलं नाही. का, ते मला त्याच खोलीत उभ्या उभ्या कळलं. दुसऱ्या कुणाचा तसा हात हातात आला असता तर मी दचकले असते. तुझा हात मला गार वाटलाच नाही, तो मला मामाचा हात वाटला. तो तसाच असतो, तसाच असायला हवा, असं धरून मी पुढे गेले. नंतर यंत्रावर शंका घेतली, तुझ्या तंतूंवर घेतली, तुझ्या अक्षरावर घेतली. स्वतःवर घ्यायची राहिली.

तेव्हा गार पाण्याने तुझं काही झिजलं असं माझ्याकडे काहीही नाही. पुन्हा मोजूया, हात कोमट करून. तू ये किंवा मी येते. टेबल तेवढं थांबव.

मुंगी


१० मार्च

चि. मुंगीस आशीर्वाद.

ड्रायव्हरने पत्र पोचवलं आणि बदल्यात दोन क्रीमरोल नेले.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मास्तरने एकदा वाचलं आणि तो नाचायला लागला. मी नाचलो नाही. राग नाही, पण ऐक. मोजणीनंतरच्या पहिल्या पत्रात तू म्हणालीस आकडेमोड चालू आहे. ते खोटं होतं, आणि माझ्यावरच्या मायेपोटी होतं. मग हे पत्रही मायेपोटी नसेल कशावरून? म्हाताऱ्याने टेबल सोडलं, तो खचेल, त्याला चार बऱ्या शब्दांनी उभं करू, असं तुझ्या मनात आलं नसेल? दुधाने तोंड पोळलंय माझं, आता ताक फुंकतोय. तू परकी असतीस तर मी लगेच विश्वास ठेवला असता. ही काय वेळ आहे बघ.

एक गोष्ट मात्र मी तपासली. अक्षराची. शेजारच्या शाळकरी पोरीकडून वहीचा कागद मागून आणला आणि एकच ओळ दोन्हीकडे लिहिली. वहीचं पान सोबत जोडलंय, बघ. रेघ कुठेही तुटलेली नाही. बटर पेपरवर मात्र शाई धरत नाही, जिथे तूप जास्त तिथे पेन घसरतं. प्रयोगशाळेत एवढी यंत्रं आणि कागद कसला आहे ते कुणी बघितलं नाही.

म्हणजे एका बाबतीत तू चुकली होतीस. मग दुसऱ्या बाबतीतही चुकली असशील, असं रात्रभर मनाला सांगतोय. मन हो म्हणतं आणि हात हातमोज्यातून बाहेर येत नाहीत.

जोडप्याला शब्द दिलाय. शनिवारी सकाळी दहाला ती दोघं येतील. त्याआधी आलीस तर ये. समजूत घालायला येऊ नकोस. यंत्र घेऊन ये.

मामा


१२ मार्च

मामा,

बाईंनी पेटीतलं यंत्र न्यायची परवानगी दिली. शनिवारी पहिल्या बसने येते. एक बादली बर्फ मागवून ठेव. तुझ्यासाठी नाही.

मुंगी


१९ मार्च

चि. मुंगीस आशीर्वाद.

हे पत्र वहीच्या कागदावर आहे, म्हणजे तुला पुन्हा संशय नको.

शनिवारी काय झालं ते तुला ठाऊक आहे, तू तिथेच होतीस. पण तू पडद्याकडे बघत होतीस. मी जे बघितलं ते सांगतो.

तू आलीस, टेबलावर पंचा अंथरलास, पेटी उघडलीस आणि म्हणालीस की फ्रिज बंद करा, त्याची वीज लाटेत मिसळते. मास्तर बटरचा डबा पोटाशी धरून उभा राहिला, तान्हं बाळ धरावं तसा. मला वाटलं आता माझी पाळी. तर तू बाही सारलीस आणि स्वतःचा हात कोपरापर्यंत बर्फात घातलास. ओठ दाबून धरलेस, ते आधी लाल, मग पांढरे झाले. मास्तर म्हणाला, "अगं, काढ ना आता." तू म्हणालीस, "अजून नाही. मामाने यापेक्षा जास्त वेळ धरला होता."

मग तू स्वतःला वळी लावलीस. पडद्यावर आकडा आला. चाळीस. लाट उंच. तू माझी जुनी लाट शेजारी ठेवलीस आणि त्या दोघी सख्ख्या मामा-भाची दिसत होत्या. तुझ्या तिशीतल्या, निरोगी हाताला मी डोळ्यांदेखत नापास होताना पाहिलं आणि मला हसू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तू किती पत्रं लिहिली असतीस तरी ते झालं नसतं.

त्यानंतर तू माझे हात कोमट पाण्यात ठेवलेस, काचेची नळी लावून तापमान बघितलंस, कागदावर लिहिलंस आणि ते मला मोठ्याने वाचून दाखवलंस. रकाना भरल्याचं एवढं समाधान कुणाच्या तोंडावर मी पाहिलं नव्हतं. पन्नासला एक कमी आला. तू म्हणालीस, "तुझ्या वयाला शोभेल असा आहे." म्हटलं, वयाला शोभणारं माझ्याकडे निदान काहीतरी निघालं.

तोवर दारात ते जोडपं हातगाडी घेऊन उभं होतं. तुला वाटलं मी त्यांच्याशी बोलायला म्हणून बाजूला गेलो. मी डोळे पुसायला गेलो होतो. त्यांना टेबल मिळालं नाही, पण त्यातली ती मुलगी रुसण्याऐवजी म्हणाली, मग आम्हाला शिकवाल का. सोमवारपासून येते आहे. तिचे हात गरम आहेत, कठीण आहे, पण बघू.

आता जे तुला सांगायचं होतं ते. वळी काढल्यावर तुझा हात अजून बर्फासारखा होता आणि तू तो ओढणीआड लपवत होतीस. मी तो माझ्या दोन्ही हातांत धरला. माझे नुकते पाण्यातून निघालेले, चांगले ऊन ऊन होते. तू म्हणालीस, "मामा, किती बरं वाटतंय." मुंगे, आयुष्यात माझ्या हाताने कुणाला ऊब मिळाली ती हीच. तुझ्या मामीने इतके हिवाळे माझ्या हाताला नावं ठेवत काढले. कोमट पाणी घरातच होतं, पण मला कधी सुचलं नाही. तिला हे द्यायचं राहून गेलं. त्या दिवशी तुझा हात सोडावासा वाटेना तो त्यामुळे.

डॉक्टरांची वेळ मी रद्द केलेली नाही. बाईंचा निरोप तू सांगितलास, की मोजणारे वेगळे आणि बघणारे वेगळे. जाऊन येईन.

पफ आजपासून पुन्हा चालू. पहिला ट्रे मास्तरने करपवला, पण पापुद्रे सुटले होते.

तुझा मामा

ता. क. बाईंना माझा नमस्कार सांग. तुला त्या रागावल्या नाहीत ना अजून?


२७ मार्च

ती. मामास,

नमस्कार. बाई रागावलेल्या नाहीत. त्यांनी तुझ्या पहिल्या आणि दुसऱ्या लाटेचं चित्र नव्या मुलांना शिकवायला भिंतीवर लावलं आहे. खाली नाव नाही, फक्त लिहिलंय, 'आधी तापमान घ्या.' ज्याला त्याला त्या सांगतात की या लाटा ज्याच्या, त्या माणसाने बर्फ स्वतः विकत आणला होता.

तुझ्या पत्रातलं मामीबद्दलचं वाचलं. एवढं सांगते, ती आईला म्हणायची की दुकानाला सुट्टी असली आणि तुझे हात नेहमीसारखे गार नसले, की तिला चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं. ही मी तुझी समजूत घालत नाहीये. आईला विचार.

दोन दिवस मला ताप आहे. बर्फामुळे नाही, मास्तरांना तसं वाटू देऊ नकोस. इथे सगळ्यांनाच येऊन जातोय. औषध घेतलंय, खोलीवरची मैत्रीण पाण्याच्या पट्ट्या ठेवते आणि मी त्या उडवून लावते. तिशी गाठली तरी खोड गेली नाही.

हे सहजच लिहिलेलं नाही. सोमवारची तुझी शिकवणी झाली की दुपारच्या बसने ये. यंत्र लावणार नाही, वेग मोजणार नाही. येताना स्टँडसमोर बर्फ घे आणि हात गार करून ये.

तुझी
मुंगी